पायाच्या नखांची बुरशी : घाई नको, हयगयही नको

मृगाच्या सरी कोसळल्या की परभणी जिल्ह्यातील काळी जमीन फुगते, चिकट होते आणि तिचा चिखल पायांना सोडता सोडत नाही. पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होणे ही मराठवाड्यात इतकी परिचित गोष्ट आहे की, त्यांवर मेंदी थापून लोक त्या विसरूनही जातात. मात्र, बेचक्यांतील बुरशी नखापर्यंत पोहोचली तर दुखणे चार-दोन आठवड्यांत आटोपत नाही. ते वर्ष-दीड वर्षाचे होते.

हा विकार केवळ शेतात राबणाऱ्यांचा आहे, असेही नाही. परभणीच्या कडक उन्हाळ्यात दिवसभर बूट-मोजे घालून वावरणारे कर्मचारी, पोलीस, विक्री प्रतिनिधी, खेळाडू यांच्या पायांनाही घामामुळे तशीच ओल मिळते. बुरशीला ऊब, ओलावा आणि अंधार हवा असतो. बंद बुटात या तिन्ही गोष्टी एकत्र नांदतात.

विकार ओळखावा कसा?

आपले नख केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते आणि हेच केराटिन काही बुरशींचे अन्न आहे. पायाच्या नखांत सर्वाधिक आढळणारी बुरशी म्हणजे ट्रायकोफायटन रुब्रम. तळपायाला आणि जांघेत गजकर्ण होण्यासही ती कारणीभूत ठरते. याखेरीज मातीत वाढणाऱ्या काही बुरशी आणि कँडिडासारखे किण्वही नखात शिरू शकतात.

सुरुवात बहुधा अंगठ्याच्या नखाच्या टोकाकडून किंवा कडेने होते. तेथे पांढरट वा पिवळसर डाग दिसतो. हळूहळू नख जाड होते, त्याखाली भुसा साठतो, कडा ठिसूळ होऊन तुटतात आणि नख खालच्या त्वचेपासून सुटू लागते. सुरुवातीला वेदना नसतात. म्हणूनच दुर्लक्ष होते. पुढे बूट घालताना नख टोचू लागले की रुग्ण डॉक्टरांकडे जातो, तोवर अर्धेअधिक नख बाधित झालेले असते.

प्रत्येक पिवळे नख बुरशीचे नसते

येथेच सर्वांत मोठी चूक होते. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्याच नखांत बुरशी सापडते, असे त्वचारोगतज्ज्ञ मानतात. सोरायसिस, लायकेन प्लॅनस, घट्ट बुटांचा सततचा दाब, जुनी ठेच आणि वाढते वय यांमुळेही नख जाड व विद्रूप होते. नखाखाली काळी वा तपकिरी उभी रेघ उमटून ती रुंदावत असेल, तर तो क्वचित त्वचेचा कर्करोगही असू शकतो. तेथे विलंब मुळीच नको.

म्हणून उपचारांआधी तपासणी आवश्यक ठरते. नखाखालचा भुसा खरवडून तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात व सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे तंतू असल्यास ते दिसतात. ही तपासणी साधी आणि स्वल्प खर्चाची आहे. बुरशीचा नेमका प्रकार जाणण्यासाठी ती प्रयोगशाळेत वाढवावी लागते. त्याला तीन-चार आठवडे लागतात. नमुना देण्यापूर्वी नेलपॉलिश व मेंदी लावू नये. आधीपासून बुरशीविरोधी औषध सुरू असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे, अन्यथा तपासणीत बुरशी असूनही सापडत नाही.

औषध तीन महिने, नख दीड वर्ष

विकार वरवरचा असेल आणि एक-दोन नखांपुरताच असेल, तर अमोरोल्फिन किंवा सायक्लोपिरॉक्स हे नखावर लावण्याचे औषध दिले जाते. ते अनेक महिने नियमाने लावावे लागते. त्वचेवर लावण्याची साधी मलमे मात्र जाड नखातून आत पोहोचतच नाहीत.

नख मुळापर्यंत बाधित झाले असेल, तर पोटात घेण्याचे औषध लागते. टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी प्रौढांना पायाच्या नखांसाठी साधारणतः रोज एक याप्रमाणे १२ आठवडे देतात. दुसरा पर्याय इट्राकोनॅझोलचा. तो महिन्यातून एक आठवडा, अशा तीन फेऱ्यांतही देता येतो. ही दोन्ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. यकृताचा आजार असलेल्यांना ती सहसा देत नाहीत आणि उपचारांपूर्वी रक्ताची तपासणी करतात. हृदय कमकुवत असलेल्यांना नखाच्या बुरशीसाठी इट्राकोनॅझोल दिले जात नाही. शिवाय इतर अनेक औषधांशी त्याचा संघर्ष होतो. म्हणून सुरू असलेल्या सर्व गोळ्यांची माहिती डॉक्टरांना द्यावी.

पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. बाधित भाग पुढे सरकून कापला जाईपर्यंत १२ ते १८ महिने जातात. तीन महिन्यांच्या गोळ्या संपल्या तरी नख कुरूपच दिसते, म्हणून औषध लागू पडले नाही, असा रुग्णाचा समज होतो. वास्तविक औषध नखात पुढे काही महिने टिकून राहते. मुळाकडून स्वच्छ, गुलाबी नख येऊ लागले का, हे पाहणे महत्त्वाचे. याउलट, महिनाभरातच गोळ्या बंद करणारे रुग्ण खर्चही करतात आणि बुरशीही जपतात.

दुकानातील मलमाचा धोका

पायाची खाज थांबावी म्हणून अनेक जण औषध दुकानातून स्टिरॉइडमिश्रित मलम आणतात. त्याने खाज आणि लाली दोन दिवसांत कमी होते. पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी आत पसरत जाते. हा गैरवापर रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमांचा समावेश डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच विकावयाच्या औषधांत केला. तरीही अशी मलमे मागणारे ग्राहक कमी झालेले नाहीत.

याचे मोल सर्वांनाच मोजावे लागते. भारतात फैलावलेल्या आणि टर्बिनाफिनला अनेकदा दाद न देणाऱ्या गजकर्णाच्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळाले. कापूस पिकविणाऱ्या परभणीकरांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. २०१७ च्या हंगामात बीटी कपाशीला न जुमानणाऱ्या शेंदरी बोंडअळीने काय केले, हे त्यांनी पाहिले आहे. कीड ओळखल्याविना फवारणी आणि रोग ओळखल्याविना मलम, यांत फारसा फरक नाही.

लिंबू, व्हिनेगर, हळद यांनी नखाची बुरशी समूळ जाते, असा भरवशाचा पुरावा नाही. ब्लेडने नख खरवडणे किंवा आम्ल ओतणे तर घातकच.

मधुमेहींनी विशेष जपावे

मधुमेहात पायांची संवेदना आणि रक्तपुरवठा मंदावतो. जाड नख शेजारच्या बोटाला रुतले तरी कळत नाही. त्या लहानशा जखमेतून जिवाणू शिरतात, पाय सुजतो आणि जखम चिघळल्यास बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून मधुमेहींनी रोज रात्री पाय निरखावेत, नजर कमी असल्यास घरच्यांकडून तपासून घ्यावेत आणि जाड नखे स्वतः कापण्याच्या भरीस पडू नये.

प्रतिबंधासाठी काय करावे?

* आंघोळ, वजू किंवा पाय धुणे झाले की बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. जोडव्यांखालची ओलही टिपून घ्यावी.
* सुती मोजे रोज बदलावेत. एकच बूट सलग दोन दिवस न घालता ते उन्हात वाळू द्यावेत.
* शेतात गमबूट वापरणाऱ्यांनी काम संपताच ते काढून आतून कोरडे करावेत.
* नखे सरळ व आखूड कापावीत. नेलकटर, टॉवेल व चपला घरातही प्रत्येकाच्या वेगळ्या असाव्यात.
* वसतिगृहातील वा सार्वजनिक स्नानगृहात चप्पल घालूनच जावे.
* ब्यूटी पार्लरमध्ये नखांची अवजारे निर्जंतुक केली आहेत का, हे विचारण्यात संकोच करू नये.
* चिखल्या व तळपायाच्या गजकर्णावर वेळीच उपचार करावेत. घरात इतरांना गजकर्ण असल्यास त्यांचेही उपचार एकाच वेळी व्हावेत.

हा विकार बरा झाल्यावरही अनेकांत पुन्हा उद्भवतो. त्यामुळे नवे नख पूर्ण आल्यानंतरही वरील सवयी सोडू नयेत. नखाचा रंग बदललेला दिसताच त्यावर नेलपॉलिशचा थर देण्याऐवजी ते त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. डाग लहान असताना झालेली एक साधी तपासणी पुढचे दीड वर्ष वाचवू शकते.