डंजन मास्टर : नियमांचा निवाडा कोण करतो?

- खेळ : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका वठवण्याचा खेळ, अमेरिका, १९७४. रचनाकार गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन.
- नाव : मूळ पुस्तिकांत 'रेफरी', पुढे 'डंजन मास्टर'. 'कॉल ऑफ कथुलू' या दुसऱ्या खेळात (१९८१) 'कीपर'.
- काम : प्रसंग उभा करणे, खेळाडूंची नसलेली पात्रे वठवणे, नियम लावणे.
- काठिण्य : फाशाच्या बेरजेने गाठायचा आकडा; पाचव्या आवृत्तीत (२०१४) सोपे १०, मध्यम १५, अवघड २०. आकडा मास्टर ठरवतो.
- उदाहरण : ओली भिंत चढायची आहे. मास्टर सांगतो १५. वीस बाजूंच्या फाशावर १२ पडले, ताकदीचे ३ मिळाले. बेरीज १५; पात्र वर पोचते.
- निवाडा : नियम नसेल तिथे त्या प्रसंगापुरता निर्णय.
- घरचा नियम : एखाद्या गटाने कायम स्वीकारलेला बदल.