जुनी ड्यूक 390 की जुनी इंटरसेप्टर 650? चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर कुठली घ्यावी?

हातात सेकंडहँड बाईकचं बजेट आहे. मोबाईलवर दोन जाहिराती उघड्या आहेत. एक केटीएम 390 ड्यूक, दुसरी रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर 650. मित्रांचे दोन गट पडलेत आणि यूट्यूबवर जेवढे व्हिडिओ बघाल तेवढा गोंधळ वाढतोय.

अडचण अशी की, बहुतेक व्हिडिओ मोठ्या शहरांत आणि गुळगुळीत हायवेवर शूट झालेले असतात. तुम्हाला मात्र संध्याकाळी मूलच्या जंगलातून चंद्रपूरला परतायचं असतं किंवा आष्टीच्या पुढे आलापल्लीकडे जायचं असतं. तिथे प्रश्न वेगळे असतात. म्हणून ही तुलना आपल्या रस्त्यांवरून करूया.

आधी हे समजून घ्या: नेकेड आणि मिडलवेट म्हणजे काय?

ज्या बाईकला बाहेरून प्लास्टिकचं मोठं आवरण नसतं आणि इंजिन उघडं दिसतं, तिला नेकेड बाईक म्हणतात. मिडलवेट म्हणजे मधल्या ताकदीची. रॉयल एनफिल्ड कंपनी 250 ते 750 सीसीच्या गाड्या या गटात धरते. त्या हिशोबाने या दोन्ही गाड्या मिडलवेट ठरतात.

जुन्या गाड्यांकडे ओढा का वाढतोय?

एक मोठं कारण कर आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या बाईकवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. 350 सीसीच्या वरच्या गाड्यांवर मात्र आधी उपकर धरून 31 टक्के कर होता, तो 40 टक्के झाला. एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला स्वतःची जुनी गाडी विकली, तर त्यावर जीएसटी लागत नाही.

पण 350 ची ही रेषा जुन्या गाडीलाही सोडत नाही. 1 जून 2022 पासूनच्या दरानुसार, 150 ते 350 सीसीच्या बाईकचा थर्ड पार्टी विमा वर्षाला 1,366 रुपये आणि 350 च्या वर 2,804 रुपये. 2017 ते 2023 दरम्यानची ड्यूक 373 सीसीची आहे. म्हणजे रेषेच्या जेमतेम वर, पण हप्ता इंटरसेप्टरएवढाच.

कागदावरचे आकडे काय सांगतात?

ड्यूकचं इंजिन एक सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं, 43.5 पीएस ताकदीचं. इंटरसेप्टर नोव्हेंबर 2018 मध्ये भारतात आली. तिचं इंजिन 648 सीसी, दोन सिलिंडरचं, हवा आणि ऑइलनं थंड होणारं. ताकद सुमारे 47 पीएस. म्हणजे ताकदीत फार अंतर नाही.

खरा फरक टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ओढीत आहे. इंटरसेप्टर 5,250 आरपीएमला 52 न्यूटन मीटर टॉर्क देते. ड्यूक 7,000 आरपीएमला 37. सोप्या भाषेत, इंटरसेप्टर कमी वेगातही न कुरकुरता ओढते. ड्यूकला मजा आणायची तर इंजिन तापतं ठेवावं लागतं. चौथ्या गिअरमध्ये रमतगमत चालवली की ती हिसके देते.

आता विचार करा. जंगलाच्या रस्त्यावर शहाणा माणूस 40-50 च्या वेगानं जातो. त्या वेगात इंटरसेप्टर जास्त सुखाची. मागे कोणी बसलं असेल, तर आणखीनच.

मग ड्यूक कशात पुढे आहे?

पहिली गोष्ट वजन. ड्यूक मॉडेलनुसार 160 ते 170 किलोच्या घरात, तर इंटरसेप्टर 200 च्या वर. पावसाळ्यात चिखलात गाडी आडवी झाली, मोबाईलला रेंज नाही आणि सोबत कोणी नाही, तेव्हा या 40 किलोंचा अर्थ नीट कळतो.

दुसरी गोष्ट सस्पेन्शन. ड्यूकचं सस्पेन्शन पुढे 142 आणि मागे 150 मिलिमीटर दबतं. इंटरसेप्टरचं पुढे 110 आणि मागे फक्त 88. ड्यूक थोडी कडक आहे हे खरं, पण खोल खड्ड्यात इंटरसेप्टरचा मागचा दणका थेट कमरेत बसतो. सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी आष्टी-आलापल्ली पट्ट्यातल्या रस्त्यांची काय अवस्था केली, हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट टायर. ड्यूकचे टायर ट्यूबलेस आहेत. खिळा लागला तर किटमधली पट्टी भरून, हवा मारून दहा-पंधरा मिनिटांत पुढे निघता येतं. इंटरसेप्टरला 2023 पर्यंत तारांची चाकं आणि ट्यूबचे टायर होते. म्हणजे पंक्चर झालं की चाक खोलणं आलं. 2023 मध्ये काही रंगांत अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर आले. जुनी घेताना हे आवर्जून बघा.

इथे दुसरी बाजूही आहे. ट्यूबचं पंक्चर गावातला कोणताही पंक्चरवाला काढतो. तारांचं चाक वाकलं तर ते सरळ करता येतं. ड्यूकचं अलॉय चाक मोठ्या खड्ड्यात वाकलं किंवा चिरलं, तर खर्च मोठा असतो.

उन्हाळा आणि पेट्रोल

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45-46 च्या पुढे जातो. ड्यूकला रेडिएटर, पंखा आणि कूलंट सांभाळावं लागतं. रेडिएटर पुढेच असल्यामुळे खडी उडून तो फुटायची भीती असते. इंटरसेप्टरमध्ये ही भानगड नाही, पण गर्दीत पायाला चटका तिचाही बसतो.

टाकी दोघींची साडेतेरा लिटरच्या आसपास. शांतपणे चालवली तर लिटरला साधारण 25 किलोमीटर, म्हणजे एका टाकीत 300 किलोमीटर धरून चला. गडचिरोली ते सिरोंचा एका बाजूचं अंतरच सुमारे 200 किलोमीटर आहे. त्यामुळे आलापल्लीत टाकी भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बघायला जाताना काय तपासायचं?

- गाडी थंड असतानाच बघायला जा. मालकानं आधीच सुरू करून ठेवली असेल, तर थोडा संशय घ्या.
- ड्यूकमध्ये कूलंटची पातळी, रेडिएटरचा पंखा, पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळतंय का आणि चाक वाकलंय का ते बघा.
- इंटरसेप्टरमध्ये तारा सैल आहेत का, मागचे शॉकअप दमलेत का आणि टायर किती जुने आहेत ते बघा.
- सायलेन्सर बदललेला असेल, तर मूळ सायलेन्सर मागून घ्या. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरवर दंड होतोच.
- किलोमीटरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसच्या पावत्यांवर विश्वास ठेवा.
- चेसिस नंबर आरसीशी जुळवा. थकलेली चलनं आणि कर्जाचा बोजा ऑनलाइन तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो.
- 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का ते बघा.

हैदराबादची स्वस्त गाडी घ्यावी का?

राजुरा, अहेरी, सिरोंचा भागात हा मोह होतोच. तेलंगणाची गाडी आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, घ्यावा लागतो. दुसऱ्या राज्याची गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची असेल, तर नवी नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा रस्ते करही भरावा लागतो. हा खर्च धरल्यावरही गाडी स्वस्त पडत असेल, तरच पुढे जा.

गाडी कुठलीही असो, नाव लगेच बदलून घ्या. कायद्यानं खरेदीदाराला त्यासाठी 30 दिवस मिळतात. विकणाऱ्यानंही गाफील राहू नये. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलं की, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी विकून कितीही हातांत गेलेली असली तरी.

मग घ्यायची कुठली?

तुमचं जाणं-येणं चंद्रपूर-नागपूर किंवा चंद्रपूर-मूल-गडचिरोली अशा मुख्य रस्त्यानं असेल आणि मागे कोणीतरी बसणार असेल, तर इंटरसेप्टर.

आष्टीच्या पुढे एकट्यानं फिरणं असेल, अंगकाठी बारीक असेल आणि जवळ चांगला मेकॅनिक असेल, तर ड्यूक.

भामरागडच्या आतल्या कच्च्या वाटांवर रोज जायचं असेल, तर खरं सांगायचं तर दोन्ही नको. तिथे हलकी, लहान बाईकच कामाची.

आणि शेवटचा हिशोब कुठल्याही गाडीसाठी. ताशी 100 च्या वेगात बाईक सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. समोर चितळ, रोही किंवा रानडुक्कर आलं, मेंदूनं एक सेकंद घेतला आणि ब्रेक उत्तम लागला, तरी कोरड्या रस्त्यावर थांबायला 80 मीटरच्या वर लागतात. 60 च्या वेगात तेच अंतर 40 मीटरच्या आत येतं. रात्री लो बीमचा उजेड साधारण तेवढाच पोचतो.

दोन्ही गाड्यांना एबीएस आहे. पण उजेडाच्या पलीकडे उभं असलेलं जनावर एबीएसला दिसत नाही. त्यामुळे बजेट ठरवताना चांगलं हेल्मेट आणि नव्या टायरचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्यात जी गाडी बसेल, ती तुमची.