मनिऑर्डरीच्या गावाला फुलपाखरांचे पाहुणे

फुलपाखरे पाहण्यासाठी माणसे कचेरीतून रजा काढतात, आगगाडीने रात्रभर प्रवास करतात आणि वर वाटाड्याला पैसे मोजतात, असे नायगावच्या एखाद्या जुन्या गिरणी कामगाराला सांगून पाहा. तो आधी हसेल. मग विचारील, “जातात तरी कुठे?” “आंबोलीला” असे उत्तर मिळताच मात्र त्याचे हसू मावळेल. कारण आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, आणि त्या मुलखातलेच एखादे गाव त्याचे स्वतःचे! जिथे पोट भरेना म्हणून त्याचा बाप नायगावच्या चाळीत येऊन राहिला, त्याच रानात आता मुंबईचे लोक पदरचे पैसे खर्चून जातात. हे कोडे उलगडून पाहण्यासारखे आहे.

परदेशात ही हौस जुनी आहे. इंग्लंडातल्या प्रवासी कंपन्या शौकिनांच्या टोळ्या घेऊन आल्प्स, पिरनीज, बल्गेरिया अशा डोंगराळ मुलखांत जातात. आपल्याकडे या छंदाला वळण लावण्याचे पुष्कळसे श्रेय मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला द्यावे लागेल. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९५७ साली विंटर-ब्लाइथ यांचा भारतीय फुलपाखरांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी शौकिनाच्या हाती जाळे आणि पेटीत टाचण्या असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कित्येक जाती पकडणे गुन्हा ठरला, आणि जाळ्याची जागा दुर्बिणीने व कॅमेऱ्याने घेतली. २०१५ साली तर महाराष्ट्राने ‘ब्ल्यू मॉर्मन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. असे करणारे आपले राज्य देशात पहिले. काळ्या मखमलीवर निळे पट्टे ओढल्यासारखे दिसणारे हे फुलपाखरू आता ‘नीलवंत’ या सुरेख मराठी नावानेही ओळखले जाते.

पहाटे उठण्याची गरज नाही

पक्षी पाहणाऱ्याला पहाटेच्या अंधारात उठावे लागते. फुलपाखरांचा शौकीन त्या मानाने सुखी प्राणी! फुलपाखराचे अंग उन्हाने तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. म्हणून सकाळी ते पानावर पंख पसरून ऊन खात बसते. न्याहारी उरकून नऊच्या सुमारास निघालात तरी चालते. अकराच्या आत तुमची वही निम्मी भरलेली असते.

मग वाटाड्या तुम्हांला ओढ्याकाठी नेतो. तेथे ओल्या मातीवर दहा-वीस फुलपाखरे सोंड टेकून दाटीवाटीने बसलेली दिसतात. ही बहुतेक सारी नरमंडळी. मातीतले क्षार ती शोषून घेतात आणि मीलनाच्या वेळी मादीला देतात. म्हणजे अहेराची ही तयारी म्हणायची! पुढे एखादे कुजलेले फळ पडलेले असते. त्यावर एक वाळके पान चिकटलेले दिसते. ते पान एकाएकी उघडते, आतली निळी झळाळी क्षणभर दिसते आणि पुन्हा वाळके पान! हे ‘ब्ल्यू ओकलीफ’.

दक्षिण सह्याद्रीतले ‘सदर्न बर्डविंग’ दिसले तर सहल फळली असे समजावे. पंखांची लांबी १९० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे वितीहून थोडीच कमी. भारतातले सर्वांत मोठे फुलपाखरू हा मान कित्येक वर्षे त्याच्याकडे होता. २०२० साली उत्तराखंडातल्या ‘गोल्डन बर्डविंग’ने अवघ्या चार मिलिमीटरने तो हिरावून घेतला.

वाटाड्याची विद्या

आता खरी मेख पुढे आहे. वाटाड्या फुलपाखरू शोधतो कसे? तो झाड शोधतो. प्रत्येक फुलपाखराच्या अळीची झाडे ठरलेली असतात. आंब्यावरच्या बांडगुळापाशी ‘हळदीकुंकू’, रुईवर ‘बिबळ्या कडवा’, टाकळ्यावर इवलीशी पिवळी फुलपाखरे, सापसंदाच्या वेलीपाशी बर्डविंग, आणि कारवीवर ते वाळक्या पानाचे सोंग घेणारे ओकलीफ.

ही नावे कोकणातल्या माणसाला कोणी पुस्तकातून शिकवली काय? टाकळ्याची भाजी तो पावसाळ्यात खात आला आणि कारवीच्या कुडाच्या भिंती उभारत आला. शास्त्रीय नावे व सवयी तेवढ्या नव्याने शिकायच्या, पाया घरचाच. आंबोलीत असे जाणकार वाटाडे तयार झाले आहेत. घाटाच्या पायथ्याचे पारपोली तर ‘फुलपाखरांचे गाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले आहे.

पैशाची उलटी वाट

कोकणची कित्येक गावे दोन-तीन पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगली. नायगाव, परळ, लालबागच्या खोल्यांत दाटीने राहून माणसे गावी पैसे पाठवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि तो ओघ आटला. पुष्कळजण गावी परतले. हाताला काम हवे, पण काम कोठले?

ज्याच्यापाशी रानाखेरीज काही नाही, त्याला रान विकण्याचा मोह होणारच. दोडामार्गाच्या बाजूला जंगल तोडून रबराच्या लागवडी उभ्या राहिल्या. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली मनाई केली. परंतु केवळ मनाईने रान टिकत नाही. उभ्या रानातून चार पैसे मिळतात असा अनुभव गावाला आला, तरच ते टिकेल. सापसंदाचा वेल कापला की बर्डविंग गेले, आणि बर्डविंग गेले की पाहुणाही गेला, एवढा साधा हिशेब आहे.

अर्थात, फुलपाखरांवर कोणी माडी बांधणार नाही. हंगाम तीन-चार महिन्यांचा आणि पाहुणे मोजके. गिरणीच्या पगाराची सर त्याला येणार नाही. पण भातशेतीला आणि काजूला हा जोड होऊ शकतो. मात्र त्यासाठी वाटाड्या गावचा हवा, उतरणे गावच्या घरात हवे आणि घावणे-उसळीचे पैसे त्याच घरच्या माउलीच्या हाती पडले पाहिजेत. मुंबईहूनच मोटार, मार्गदर्शक आणि डबा घेऊन गेलात, तर गावाला उरेल ती धूळ!

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

गणपतीनंतर पाऊस ओसरला की नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ उत्तम. दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी एक्सप्रेस सावंतवाडीला नेते. तेथून आंबोली सुमारे ३० किलोमीटर. अंगभर साधे कपडे घाला, जळवांना भिऊ नका, आणि कोश तोडून दाखवा असा हट्ट वाटाड्यापाशी धरू नका.

डोळ्यांना सराव हवा असेल तर तो नायगावातच होतो. गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला, तर झटकू नका. ती बहुधा फुलपाखराची अळी असते. पुढे ती हिरवी होते, कात टाकून कोशात जाते, आणि एके सकाळी चाळीतल्या पोरांना फुकटात सोहळा पाहायला मिळतो.

दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या चाकरमान्यांनी परतीचे तिकीट दोन दिवस पुढचे काढावे आणि मुलांना घेऊन गावच्या जाणत्या माणसाबरोबर आपल्याच रानात एक फेरी मारावी. त्या जाणत्याला त्याची बिदागी मात्र चोख द्यावी. गावाकडे पैसे पाठवण्याची ही रीत मनिऑर्डरीहून वाईट नाही.