भेंडीचा हळद्या आणि घराण्यातला वारसा

पूर्णा नदीवरचं येलदरीचं धरण 1968 मध्ये पुरं झालं. इथून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वरला अडतं आणि कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या शिवारांत पोचतं. पाणी आलं की भाजीपाला आला, आणि भेंडी लावली की हळद्याची धास्ती आली. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं पानच पिवळं होतं. फळं पांढरट आणि राठ निघतात. असा माल बाजारात कोणी घेत नाही. या रोगाची नोंद मुंबई इलाख्यात 1924 सालीच झाली होती. रोगाचा विषाणू पांढरी माशी या झाडावरून त्या झाडावर नेते. माशीवर फवारणी करता येते, पण झाडात शिरलेल्या विषाणूवर औषध नाही. इलाज बियाण्यातच शोधायला हवा होता. तो शोधला परभणीच्या कृषी विद्यापीठाने. गुणसूत्रं आणि जनुकं समजून घ्यायला आपल्या भागात याहून चांगलं उदाहरण मला दिसत नाही.

झाडांच्या आणि प्राण्यांच्या पेशीत केंद्रक असतं आणि केंद्रकात डीएनएचे लांबच लांब धागे. पेशी दुभंगायच्या वेळी हे धागे गुंडाळून आखूड, जाड होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात. तीच गुणसूत्रं. धाग्याचा एकेक तुकडा पेशीला एखादं प्रथिन कसं बनवायचं ते सांगतो. तो तुकडा म्हणजे जनुक. माणसात गुणसूत्रं 46, म्हणजे 23 जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक बापाकडून. ज्वारीत 20, हरभऱ्यात 16, देशी कापसात 26, अमेरिकन कापसात 52. आणि भेंडीत साधारण 130! आकडा मोठा म्हणून जीव मोठा, असं काही नसतं. आकड्याला महत्त्व येतं ते संकर करताना, कारण प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार सापडावा लागतो.

परभणीत हे काम सुरू झालं त्या काळी देशभर 'पुसा सावनी' ही दिल्लीत तयार झालेली भेंडी लावली जात होती. सुरुवातीला ती हळद्याला दाद देत नव्हती, पुढे तीही बळी पडू लागली. परभणीचे संशोधक एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी भेंडीच्या रानटी सोयऱ्याकडे, 'ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट'कडे, मोर्चा वळवला. या झाडाला हळद्या होत नाही. 1981 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की ही ताकद एकाच प्रभावी जनुकातून येते. प्रभावी म्हणजे जोडीत एकाकडूनच आलं तरी गुण दिसतो. म्हणून संकराची पहिली पिढी सगळी निरोगी. पण तिचं बी पेरलं, तर मेंडेलने 1866 साली वाटाण्यावरून मांडलेल्या हिशेबाप्रमाणे सरासरी चारांतली तीन झाडं निरोगी आणि एक रोगट निघतं. आई-बाप दोन्ही निरोगी, लेकरू रोगट. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

प्रत्यक्ष काम मात्र किचकट होतं. रानटी झाडात गुणसूत्रं जेमतेम 66 च्या आसपास. लागवडीच्या भेंडीशी त्याचा संकर केला की कित्येक गुणसूत्रं जोडीदाराविना राहतात, परागकण निकामी होतात, बी धरत नाही. शिवाय रानटी झाडाचे नको ते गुणही सोबत येतात. म्हणून संकरित झाड पुन्हा पुसा सावनीशी जोडायचं, त्यातून निरोगी आणि चवीची झाडं निवडायची, त्यांचं बी पिढ्यान्‌पिढ्या वेगळं काढायचं. अशा निवडीतून 1980 च्या दशकात 'परभणी क्रांती' उभी राहिली. मराठवाड्याच्या शेतीसंशोधनातलं हे मला सर्वांत मोलाचं काम वाटतं. पुढे देशभर भेंडीच्या पैदाशीत ही वाट चोखाळली गेली.

क्रांती हा सरळ वाण. अनेक पिढ्या निवड झाल्यामुळे तिच्या जोड्यांतली दोन्ही जनुकं बहुतेक सारखी झालेली असतात, म्हणून शेतकऱ्याला घरचं बियाणं धरता येतं. बाजारातल्या संकरित बियाण्याच्या पुढच्या पिढीत गुण फुटतात; ते धरून उपयोग नाही. घरचं बी धरताना दुसऱ्या वाणाची भेंडी जवळ नको, कारण मधमाशा पराग नेतात. प्रमाणित बियाण्यासाठी 200 मीटर अंतराचा नियम त्यासाठीच आहे. विषाणूही बदलत असतो. आता कित्येक ठिकाणी क्रांतीवरही हळद्या दिसतो, म्हणून पैदाशीचं काम कधी संपत नाही.

भेंडीत जे घडतं तेच घरात घडतं. बाळाचं लिंग ठरवणाऱ्या जोडीत आईकडून कायम एक्स गुणसूत्र येतं, बापाकडून एक्स किंवा वाय. वाय आलं तर मुलगा. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी हे एकदा नीट समजून घ्यावं.

दुसरी गोष्ट मामाच्या मुलीशी लग्नाची. सख्ख्या आते-मामे भावंडांचे आजी-आजोबा एकच, त्यामुळे त्यांच्या जनुकांचा सरासरी आठवा भाग सारखा असतो. थॅलेसेमिया, सिकलसेल यांसारख्या आजारांची जनुकं अप्रभावी असतात. ज्याच्याकडे त्याची एकच प्रत आहे तो माणूस, म्हणजे वाहक, ठणठणीत दिसतो. नवरा-बायको दोघांकडे ती असली, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता आजारी बाळाची. एका घराण्यातल्या दोघांकडे तीच लपलेली प्रत असण्याचा धोका अर्थातच जास्त.

बियाणं घेताना आपण पिशवीवरचं लेबल वाचतो. तेवढीच काळजी सोयरीक करतानाही घ्या. नात्यातलं असो वा नात्याबाहेरचं, लग्न ठरवण्याआधी मुलगा-मुलगी दोघांच्या रक्ताची 'एचपीएलसी' तपासणी करून घ्या; अशी लपलेली प्रत तीत दिसते. दोघंही वाहक निघाले तर डॉक्टरांचा सल्ला घेऊनच पुढचं ठरवा.