डोस लक्षात ठेवणारं पेन

"सकाळचं इंजेक्शन घेतलं का?" ज्या घरात इन्सुलिन चालू आहे, तिथे हा प्रश्न दिवसातून एकदा तरी उठतोच. वाईतला जुना वाडा असो नाहीतर विट्यातला फ्लॅट, उत्तर पुष्कळदा "घेतलं असेल" असंच येतं. धोका आहे तो या "असेल"मध्ये. वीस युनिट घ्यायचे राहून गेले तर दिवसभर शुगर चढलेली राहते. घेतलेले विसरून पुन्हा वीस घेतले तर ती इतकी उतरू शकते की दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो, कधी शुद्धही हरपते. सत्तरीतल्या माणसाचं असंबद्ध बोलणं घरच्यांना वयाचं वाटतं. शुगर तपासायचं कुणाला सुचत नाही.

स्मार्ट इन्सुलिन पेनाचं मुख्य काम या प्रश्नाचं पक्कं उत्तर देणं. बाकी सगळं त्यावरचा साज.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. मधुमेहावर माणसाला दिलेलं ते पहिलं इन्सुलिन. पुढची साठेक वर्षं बाटली आणि सिरिंज हीच जोडी चालली. १९८५ मध्ये डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीनं खिशाला अडकवता येईल असं पेन आणलं: मागची चकती फिरवून युनिट ठरवायचे, बटण दाबायचं. स्मार्ट पेन दिसायला तसंच असतं. फरक आतला. चकती किती फिरली आणि बटण केव्हा दाबलं गेलं, हे आतलं इलेक्ट्रॉनिक यंत्र टिपतं. 'नोव्होपेन ६' मध्ये अशा आठशे इंजेक्शनांची नोंद राहते. दुकानात कार्ड मशीनला टेकवून पैसे देतात, तसं पेन मोबाइलला टेकवलं की सगळी यादी पडद्यावर उतरते. अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळालेलं 'इनपेन' ब्लूटूथनं फोनशी जोडलेलं असतं. आधीच्या डोसातलं किती इन्सुलिन अजून अंगात शिल्लक आहे, याचा हिशेब धरून जेवणाआधीचा डोस किती हवा, हेही त्याचं अ‍ॅप सुचवतं. साध्याच पेनावर बसवायची स्मार्ट टोपणंही निघाली आहेत.

याचा उपयोग होतो का? स्वीडनमधल्या बारा केंद्रांत टाइप १ मधुमेहाच्या ९४ प्रौढांना असं पेन देऊन पाहिलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. शुगर योग्य पातळीत राहण्याचा वेळ दिवसाला सुमारे एक तास चोपन्न मिनिटांनी वाढला आणि जेवणाचा डोस चुकण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी घटलं. आकडे चांगलेच आहेत. पण हे सगळे रुग्ण अंगावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लावणारे होते, तुलनेला वेगळा गट नव्हता आणि दर भेटीत पेनातल्या नोंदी डॉक्टरांसमोर उघडल्या जात होत्या. म्हणजे श्रेय एकट्या पेनाचं नाही. नोंदी वाचणाराही समोर होता.

इथलं चित्र वेगळं. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीनं २०२३ मध्ये दिला. आपल्या शेजारचा गोवा त्यात २६.४ टक्क्यांसह सगळ्यांत वर होता. यातले बहुसंख्य टाइप २ चे. त्यांच्यातले पुष्कळजण गोळ्यांवर असतात. इन्सुलिन लागलंच तर ते बहुधा मिक्स, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी. सेन्सर नाही, वही असली तर कॅलेंडरच्या मागच्या पानावर. तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतं ते साधं पेन किंवा बाटली आणि सिरिंज.

या बाटलीचा आणि पेनाचा एक घोळ मोबाइलच्या अ‍ॅपहून कितीतरी महत्त्वाचा आहे. भारतात बाटलीतलं इन्सुलिन प्रामुख्यानं एका मिलिलिटरला ४० युनिट असतं, पेनाच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिट. सिरिंजाही दोन तऱ्हेच्या: लाल टोपणाची चाळीससाठी, केशरी टोपणाची शंभरसाठी. पेन बिघडलं, सुया संपल्या, मग कुणीतरी कार्ट्रिजमधलं औषध घरातल्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढतं आणि नेहमीच्या वीसच्या खुणेपर्यंत भरतं. त्या खुणेपाशी अर्धा मिलिलिटर औषध असतं. शंभरच्या हिशेबानं ते झालं पन्नास युनिट. अडीचपट! स्मार्ट पेनाच्या यादीत या इंजेक्शनाची ओळही उमटणार नाही, कारण ते पेनातून गेलेलंच नाही. नव्या यंत्राच्या जाहिरातीत हा घोळ सापडत नाही. खरं तर रुग्णाला पेन हातात देताना पहिली पाच मिनिटं यावरच जायला हवीत.

पेनाला आणखीही पुष्कळ काही कळत नाही. बटण दाबलं हे त्याला ठाऊक असतं, सुई कातडीत दहा सेकंद थांबली का, हे नसतं. सुई आज उघडलेली की पंधरा दिवसांची, पोटाच्या त्याच जागी रोज टोचून गाठ आली आहे का, हेही नाही. अशा गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी उशिरा, कधी कमी भिनतं. मग यादीत सगळे डोस वेळेवर आणि शुगर मात्र तीनशे. इथे डॉक्टरांनी पोटावरून हात फिरवून पाहणं याला पर्याय नाही.

आणि ऊन. माण-खटाव, आटपाडी, जतकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि चालू पेन खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे, हा नेहमीचा नियम. ऊसतोडीला बीडकडून सांगली-सातारच्या फडांवर आलेल्या कुटुंबाच्या कोपीत फ्रीज कुठला? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले, तेव्हा फ्रीज असलेली घरंही अंधारात होती. जिनिव्हा विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी केनियातल्या दगाहले निर्वासित छावणीतल्या तापमानाचा माग काढून २०२१ मध्ये एक दिलासा दिला: दिवसाकाठी २५ ते ३७ अंशांत खालीवर होणाऱ्या उष्म्यात चार आठवडे ठेवलेलं इन्सुलिन फ्रीजमधल्याइतकंच परिणामकारक राहिलं. ओल्या वाळूतलं मातीचं मडकंही आतलं तापमान चांगलं उतरवतं. पण घाबरून बर्फात खुपसलेलं इन्सुलिन गोठलं की वाया गेलं, पुन्हा वितळवून चालत नाही. या सगळ्या भागात स्मार्ट पेनाची मदत जवळपास शून्य.

मग हे पेन इथे कुणाच्या कामाचं? एक, टाइप १ ची मुलं. त्यांना दिवसातून चार-चार वेळा टोचावं लागतं, त्यातलं एखादं शाळेत. लहान अंगाला अर्धा युनिटही कमीजास्त झाला तर फरक पडतो. अर्ध्या युनिटाच्या टप्प्यानं डोस देणारी स्मार्ट पेनं निघाली आहेत. डबा खाण्याआधी मुलानं खरंच टोचलं का, हे मुलाच्या मागे न लागता आईला कळतं. दोन, एकटी राहणारी म्हातारी माणसं. पाटण, जावळीच्या खोऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलं मुंबईला माथाडी कामाला, गिरणीला, आता पुण्याला कंपन्यांत गेली. आईवडील गावी. रोज फोनवर "घेतलं का?" विचारणाऱ्या मुलाला यादी दिसू लागली, तर निदान फोनवर दुसरं काही बोलता येईल. अर्थात प्रत्येक डोसाची खबर पुण्याला जावी, हे वडिलांना मान्य आहे का, तेही आधी विचारलेलं बरं.

अशा घरांसाठी सतत ब्लूटूथवर चालणाऱ्या पेनापेक्षा टेकवून वाचायचं पेन जास्त सोयीचं. त्याला रुग्णाकडे स्मार्टफोन असावाच लागत नाही. महिन्याच्या तपासणीला मिरजेला किंवा कराडला जाताना पेन खिशात असलं की पुरे, दवाखान्यातच सगळा महिना उलगडता येतो. शेवटच्या डोसाला किती वेळ झाला एवढंच दाखवणारी घड्याळाची टोपणंही जगात आली आहेत. "घेतलं का?" एवढाच प्रश्न असेल तर तीही चालतात. आणि काहीच नसेल तर कॅलेंडरच्या चौकोनात टोचल्याबरोबर मारलेली फुली. मात्र ती टोचल्यावरच मारायची, आधी नाही.

खर्चाचा कस लागतो तो पेनावर नाही, त्यात घालायच्या औषधावर. एका कंपनीच्या पेनात साधारणपणे त्याच कंपनीचं कार्ट्रिज वापरायचं असतं. भारतात घरोघरी पोचलेल्या स्वस्त ह्युमन इन्सुलिनची पेनासाठीची कार्ट्रिजं बंद करत असल्याचं नोव्हो नॉर्डिस्कनं २०२५ मध्ये जाहीर केलं. बाटल्या राहिल्या. त्या कार्ट्रिजवर असलेल्या रुग्णांपुढे तीन वाटा उरल्या: महागड्या नव्या इन्सुलिनकडे वळणं, दुसऱ्या कंपनीचं पेन घेणं किंवा परत बाटली आणि सिरिंज. बाटलीकडे वळलेल्यांना तो चाळीस आणि शंभरचा हिशेब नव्यानं समजावावा लागणार. 'नोव्होपेन ६' ची बॅटरी चार-पाच वर्षं चालते, नंतर बदलता येत नाही. तेव्हा कुणी मुंबईहून किंवा परदेशातून हौसेनं असं पेन पाठवायला निघालं, तर त्याआधी गावच्या मेडिकलवाल्याकडे चौकशी करून ठेवावी: डॉक्टरांनी लिहून दिलेल्या इन्सुलिनचं, या पेनात बसणारं कार्ट्रिज तो दर महिन्याला आणून देईल का, आणि कितीला?