एका आवारातले दोन अल्बम

लेखमाला : ऐकावी अशी तबकडी (भाग ७)

९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. जोनी मिचेलचा ‘ब्लू’ ३६ मिनिटांचा आणि कॅरोल किंगचा ‘टॅपेस्ट्री’ साधारण ४४ मिनिटांचा. कॉलेजात असताना एका मित्रानं मला हे दोन्ही अल्बम एकाच कॅसेटवर भरून दिले होते. ते एका कॅसेटवर आले ते केवळ मापात बसले म्हणून, पण त्यांचं नातं त्याहून जवळचं आहे हे मला पुढे कळलं.

लॉस एंजेलिसमध्ये ला ब्रेआ अव्हेन्यूवर चार्ली चॅप्लिननं १९१७ मध्ये स्वतःचा सिनेमा स्टुडिओ बांधायला घेतला. ती जागा पुढे ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीकडे आली. १९७१ च्या सुरुवातीला त्याच आवारात कॅरोल किंग ‘टॅपेस्ट्री’ करत होती आणि जोनी मिचेल ‘ब्लू’. पहिला फेब्रुवारीत बाजारात आला, दुसरा जूनमध्ये. मागचे सहा भाग आपण बँड ऐकले. आज या दोघींपासून स्वतः लिहिणाऱ्या, स्वतः चाल बांधणाऱ्या आणि स्वतः गाणाऱ्या मंडळींकडे वळू.

या दोन्ही अल्बमचं कौतुक बहुतेक वेळा एकाच शब्दात उरकतात : प्रांजळ. जणू दोघींनी डायरी उघडली आणि वाचून दाखवली. मला हे कौतुक अपुरं वाटतं, थोडं अन्यायाचंही वाटतं. मन मोकळं कुणीही करतं. ते ५० वर्षांनंतर परक्या देशातल्या माणसानंही पुन्हा पुन्हा ऐकावं, यासाठी हातात कसब लागतं. ते कसब कुठे दिसतं, ते आज पाहू.

आपल्या भावगीतात कवी, संगीतकार आणि गायक असे बहुधा तिघे असतात. १९६० च्या आसपास अमेरिकी पॉपमध्येही कामाची अशीच वाटणी होती. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या इमारतींत, पियानो ठेवलेल्या छोट्या खोल्यांमधून गीतकार-संगीतकारांच्या जोड्या दुसऱ्यांसाठी गाणी लिहीत बसायच्या. कॅरोल किंग तिथे तयार झाली. शब्द तिचा नवरा गेरी गॉफिनचे, चाल तिची. ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ची चाल तिनं बांधली तेव्हा ती १८ वर्षांची होती. शिरेल्स या मुलींच्या गटानं गायलेलं ते गाणं जानेवारी १९६१ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे अरीथा फ्रँकलिनच्या १९६७ च्या ‘अ नॅचरल वुमन’लाही चाल तिचीच.

‘टॅपेस्ट्री’ आला तो तिच्या २९ व्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे तोवर या बाईनं दहा वर्षं इतरांच्या गळ्यासाठी गाणी घडवली होती. या अल्बममध्ये तिनं ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ पुन्हा गायलं आहे. शिरेल्सचं गाणं व्हायोलिनांच्या साथीनं, चांगल्या चालत्या ठेक्यात जातं आणि त्यातला प्रश्न कोवळ्या मुलीचा वाटतो. किंगनं तेच गाणं विलंबित घेतलं. शब्द तेच, चाल तीच. पण आता प्रश्न विचारणारी बाई लग्न, दोन मुली आणि घटस्फोट पाहून आलेली आहे, आणि केवळ लय उतरवल्यानं ते सगळं आपल्याला ऐकू येतं. मागे साथीला जे आवाज आहेत, त्यांतला एक जेम्स टेलरचा आणि दुसरा आपल्या जोनी मिचेलचा.

निर्माता लू अ‍ॅडलरनं ओळखलं होतं की किंगची खरी ताकद तिच्या डेमोंमध्ये आहे. डेमो म्हणजे गाणं दुसऱ्या गायकाला ऐकवण्यासाठी केलेलं कच्चं रेकॉर्डिंग. म्हणून त्यानं तिला पियानोवरच बसवलं आणि बाकीची वाद्यं बेताची ठेवली. डोळे मिटून ऐका, पियानो तुमच्याच खोलीत असल्यासारखा वाटतो. हा साधेपणा ठरवून आणलेला आहे.

जोनी मिचेलची वाट वेगळी. कॅनडात वाढलेल्या या मुलीला नवव्या वर्षी पोलिओ झाला आणि डावा हात कायमचा अशक्त राहिला. गिटारचे नेहमीचे कॉर्ड धरणं तिला अवघड जायचं. तिनं गिटारच वेगळी लावली. आपल्याकडे रागाप्रमाणे तानपुऱ्याची तार पंचमात, मध्यमात किंवा निषादात लावतात. तसं तिनं गाण्याप्रमाणे सहाही तारांचे सूर बदलले. अशा लावणीत मोकळ्या तारा छेडल्या तरी मेळ साधतो आणि डाव्या हाताचं काम हलकं होतं. पुढे तिनं अशा ५० हून अधिक लावण्या वापरल्या. त्यातून निघणाऱ्या स्वरसंगती इतर कुणाच्या गिटारमधून येत नाहीत. ‘ब्लू’मधल्या काही गाण्यांत तर ती मांडीवर आडवं ठेवायचं डल्सिमर वाजवते, ज्याच्या काही तारा तानपुऱ्यासारख्या एकाच सुरावर गुंजत राहतात.

आता त्या ‘डायरी’बद्दल. ‘लिटल ग्रीन’ हे गाणं तिनं ज्या मुलीला १९६५ मध्ये दत्तक दिलं, तिच्याविषयी आहे. पण ते लिहिलेलं १९६७ चं. ते चार वर्षं थांबलं आणि या अल्बममध्ये आपल्या जागी बसलं. ‘रिव्हर’च्या सुरुवातीला पियानोवर ‘जिंगल बेल्स’ची धून येते आणि काही सुरांतच तिचा आनंद काळवंडतो. घरापासून दूर असलेल्या माणसाचा नाताळ एवढ्या थोडक्यात मांडणं हे संगीतकाराचं काम आहे. आणि सगळ्यात मोठा पुरावा हा : अल्बम जवळपास तयार झाल्यावर तिनं आधीची गाणी काढून ‘ऑल आय वॉन्ट’ आणि ‘द लास्ट टाइम आय सॉ रिचर्ड’ ही दोन घातली. आज त्यांतलं एक अल्बमचं पहिलं गाणं आहे आणि दुसरं शेवटचं. आशेनं निघून एकटेपणाशी पोचणारा हा प्रवास तिनं शेवटच्या क्षणी बांधून काढला. डायरीला असा संपादक नसतो.

यशाचा हिशेब दोघींचा वेगळा झाला. ‘टॅपेस्ट्री’ अमेरिकेत १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला आणि त्याला चार ग्रॅमी मिळाले. ‘ब्लू’ तिथे १५ व्या क्रमांकापर्यंतच चढला. पण ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत २००३ साली ३० वा असलेला ‘ब्लू’ २०२० च्या यादीत तिसरा आला.

माझं मत विचाराल तर ‘टॅपेस्ट्री’ पहिल्याच भेटीत आपलासा होतो, ‘ब्लू’ वेळ मागतो. आणि अधिक मोठा अल्बम ‘ब्लू’च. त्यात एकही सूर भरतीचा नाही.

या आठवड्यात दोन्ही ऐका. गाणी उलटसुलट न लावता, ज्या क्रमानं त्यांनी मांडली त्याच क्रमानं. आधी ‘टॅपेस्ट्री’, मग ‘ब्लू’. दीड तासही लागणार नाही.