उन्हाळ्यातील फळपाल्याची कोशिंबीर

वैशाखात चुलीपाशी थांबणे नकोसे होते, तेव्हा पिकलेली पपई, कोथिंबीर व पुदिना यांची कोशिंबीर दहा मिनिटांत सिद्ध होते. पाल्यातील लोह शरीरात सहज शोषिले जात नाही. पपई व लिंबू यांतील ‘क’ जीवनसत्त्व त्यास साह्य करते. १९२८ साली आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी वेगळे केलेले हे द्रव्य मोठे नाजूक! उष्णतेने व हवेने ते नाश पावते, चिरलेला पाला धुतल्यास पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणून पाला चिरण्यापूर्वीच, माती निघेपर्यंत, पिण्यायोग्य पाण्याने धुवावा. कोशिंबीर शिजत नसल्याने पानांवरील जंतू जिवंत राहतात, आणि उन्हाळ्यातील हगवण लहान मुलांच्या जिवावर बेतते. फळ आयत्या वेळी चिरावे, लिंबू शेवटी पिळावे. मिठाने पाणी सुटते. तेही पाने मांडल्यावरच घालावे.